दादासाहेबांची नवी हार्ड डिस्क

“मॅडम, तुमची डिस्क डुप्लिकेट हाय!”

सायखेड्याहून दादासाहेबांचा फोन. नमस्कार-बिमस्कार काही नाही. हे द्राक्ष बागायतदार, माल युरोपला पाठवणारे. त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क, म्हणजे सगळी माहिती साठवणारी चपटी डबी, मरायला टेकली होती. आदल्या दिवशी नाशिकच्या आमच्या दुकानात मी त्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, ती लॅपटॉपमध्ये घालून चालवून दाखवली. जुनी त्यानंतर लगेच गेलीच. आणि दादासाहेब म्हणतात, “नवी काढून सुटी द्या. घरी मुहूर्तावर बसवू. आमचे दाजी कॉम्प्युटरमधले लय हुशार.”

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्यांना त्या घरात कोणी नाही म्हणत नाही. मी नाही म्हटलं. पण आमचे साहेब म्हणाले, “मोठं गिऱ्हाईक आहे, देऊन टाका.” दिली.

“स्क्रीनवर काय दिसतंय?” मी विचारलं.

“ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड. मॅडम, कंटेनर बंदरात उभा हाय. पाचच्या आत कागदं मेल झाली नायत, तर जहाज माल सोडून जाईल. अख्खी बाग हाय हो त्यात.”

शेवटी त्यांचा आवाज चिरकला. माझा राग तिथंच अर्धा उतरला. स्कूटर काढली.

सायखेड्यात दाजी सोफ्यावर सीड्या पसरून बसलेले. मला पाहून म्हणाले, “इंजिनियर कुठंय?”

“मीच.”

“बरं बरं. मी सगळं चेक केलंय. व्हायरस आहे. मदरबोर्डपर्यंत चढलाय.”

चढलाय म्हणे! विंचू आहे का तो?

लॅपटॉप सुरू होताना आधी आपल्या भागांची हजेरी घेतो. ती बायोस नावाच्या पडद्यावर बघता येते. मी बघितली. डिस्कच्या नावापुढे ‘नन’, काहीच नाही. म्हणजे विंडोज बिघडणं लांबच राहिलं, लॅपटॉपच्या लेखी डिस्क घरात आलेलीच नव्हती. मागचे स्क्रू काढले, डिस्क ओढली, आणि उदबत्तीचा वास आला.

डिस्कच्या टोकाला केसासारख्या बारीक पिनांच्या दोन रांगा असतात. त्या पिना हळदीत माखलेल्या. वर कुंकू. मधोमध एक अक्षत, चांगली चेपून बसलेली.

“ही पूजा कोणी केली?”

“म्या,” दारातून आक्का म्हणाल्या. दादासाहेबांच्या आई. “ट्रॅक्टर आणला तवा बी केली व्हती.”

आक्कांचं काही चुकलं नव्हतं. ट्रॅक्टरला पिना नसतात. मी दाजींकडे वळले. “बसवताना काही जाणवलं नाही?”

“जरा घट्ट जात होती.”

“मग?”

“मग दाबली.”

दाबली! हुशार माणूस. दोन पिना आडव्या झोपवल्या होत्या. त्यातली एक जरी सरळ करताना तुटली असती, तर पाचच्या आत काही होणं नव्हतं. मी दादासाहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. “करा मॅडम, आता तुमीच,” ते म्हणाले.

सुईनं तांदूळ उकरला. स्पिरिट आणि ब्रशनं हळद काढली. मग चिमट्यानं पहिली पिन उभी केली. दुसरीखाली चिमटा सरकवला. दाजी कानाशी म्हणाले, “मॅडम, थोडं डावीकडे.”

“दाजी, तोंड बंद ठेवा,” मी म्हणाले. पिन उभी राहिली.

डिस्क बसवली, बटण दाबलं. विंडोज आलं. कागद पाचला जेमतेम काही मिनिटं असताना गेले. दादासाहेबांनी डोळे पुसले. आक्का हळूच म्हणाल्या, “पूजा चुकली का गं माझी?” मी म्हटलं, “नाही हो आक्का, फक्त झाकणावर करायची.”

दाजी सीड्या गोळा करत होते. “मी म्हणतच होतो, लूज कॉन्टॅक्ट आहे.”

गावात बातमी फिरली ती दाजींनी लॅपटॉप वाचवला अशी. मी कशाला खोडून काढू? पण तेव्हापासून मी सुटी डिस्क गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, साहेब काहीही म्हणोत.

पुढच्या हंगामाआधी दादासाहेब रॅम वाढवायला दुकानात आले. पाठोपाठ दाजीही गाडीतून उतरायला लागले. दादासाहेबांनी हात जोडले, अगदी अदबीनं म्हणाले, “दाजी, तुमी गाडीतच बसा.” आणि बाहेरून गाडीचं दार लावून घेतलं.