आमच्या साडूंचा उपग्रह

आमचे थोरले साडू कुणाचाही शब्द पडताळून पाहिल्याशिवाय मानत नाहीत, आणि हे मी फक्त पृथ्वीपुरतं बोलत नाही. तुम्ही जेवून आलो म्हणालात तर भाजी कशाची होती हे ते विचारणार, आणि मग तीच चौकशी तुमच्या बायकोकडे वेगळी करणार. उदगीरच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, वर आत बसलेल्या बायकांकडून खात्री करून घेतल्याशिवाय ते पायरीवर पाय ठेवत नाहीत. तेवढ्यात गाडी निघून गेलेली मी पाहिली आहे. एकदा मला ताप आल्याचं बायकोने त्यांना फोनवर सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस आपला थर्मामीटर खिशात घालून नांदेडला आमच्या दारात हजर. आमच्या थर्मामीटरवर त्यांचा भरवसा नव्हता. ताप खरा निघाला तेव्हा मात्र तो उतरेपर्यंत ते माझ्या उशापासून हलले नाहीत.

अशा माणसाचं नुसतं कॉलेजात फिजिक्स शिकवून कसं भागावं? उपग्रह वरून ओझोन मोजतो तो बरोबर मोजतो का, हे जमिनीवरून ताडून पाहायला पुण्याच्या काही शास्त्रज्ञांना ठिकठिकाणी माणसं हवी होती. साडूंना तर जन्मभर असंच काहीतरी हवं होतं. त्यांच्या गच्चीवर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आलं. ओझोन उन्हातले जाचक किरण वरच्या वर अडवतो. ते जितके कमी खाली पोचतील तितका डोक्यावर ओझोन जास्त, असा त्या यंत्राचा साधा हिशेब. उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला उदगीरवरून जातो आणि साडू त्याच वेळी यंत्र सूर्याकडे रोखून उभे राहतात. उपग्रह गेल्याशिवाय घरात ताटं वाढली जात नाहीत, मग पाहुणा कितीही भुकेला असो. आमच्या मेहुणी म्हणतात, "लग्नाच्या आधी माझीबी एवढी वाट पाह्यली न्हाई यांनी."

मग लेकीचं लग्न ठरलं. मुलगा हुबळीचा. रीतसर पाहून झाल्यावर साडू कुणाला न सांगता पुन्हा एकदा हुबळीला जाऊन आले, तो फोटोत हसतो तसा एरवीही हसतो का हे बघायला. हसत होता. इकडे लेकीला वडिलांच्या रापलेल्या तोंडाची काळजी लागली. लग्नाच्या फोटोत ते कसं दिसेल म्हणून तिने त्यांना सनस्क्रीनची ट्यूब आणून दिली. लेकीचं मन मोडणं साडूंना जमत नाही, त्यामुळे ते रोज पांढरंफटक तोंड करून गच्चीवर जाऊ लागले.

नेमके तेव्हाच आकडे बिघडले. यंत्र ओझोन भरपूर दाखवायचं, उपग्रह कमी. साडूंचा आनंद गगनात मावेना. एवढ्या उंचावरचा लबाड आपण उदगीरातून पकडला, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं आणि पुण्याला कळवलं. उत्तर आलं की बाकी सगळ्या ठिकाणी उपग्रहाशी मेळ बसतो आहे, फरक असाच राहिला तर उदगीरचे आकडे वगळावे लागतील. साडूंचं जेवण तुटलं. घरात पापड लाटले जात होते, आणि वधूपिता यंत्र मांडीवर घेऊन जिन्यात बसून होते. मला खरंच वाईट वाटलं.

चोर लेकीने पकडला. ती ताक घेऊन गच्चीवर गेली तेव्हा साडू यंत्राच्या काचेवरची, जवळच्या डाळमिलमधून उडून आलेली धूळ अंगठ्याने पुसत होते. थोड्या वेळापूर्वी त्याच अंगठ्याने त्यांनी तोंडाला क्रीम लावलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे क्रीम काय अडवायलंय?"

साडू असे हसत सुटले की शेजारचे आपल्या गच्चीवर आले. यंत्र बिचारं क्रीमलाच ओझोन समजत होतं. काच स्पिरिटने पुसली आणि दुसऱ्या दिवशी आकडे जुळले. उपग्रह निर्दोष असल्याचं त्यांनी पुण्याला कळवलं, क्रीम कायमचं सोडलं, आणि टोपीखालचं गोरं कपाळ व बाकी काळंभोर तोंड घेऊन लग्नाला उभे राहिले. दुपारी पंगतीसाठी वरपक्ष त्यांना शोधू लागला तेव्हा नवरीने मान वर न करता सांगितलं, "गच्चीवर बघा."

परवा मी उदगीरला गेलो होतो. दीडची वेळ झाली, मोजणी झाली, पण साडू खाली येईनात. मोबाइलवर उपग्रहाने टिपलेला आदल्या दिवशीचा हुबळीचा आकडा पाहत होते. मी चिडवलं, "हा कसा तपासणार? तिथं तुमचं यंत्र कुठाय?"

"तेच तर," ते म्हणाले. "इथलं मी बघतो. लेकीच्या डोक्यावरचं त्यालाच ईचारावं लागतं. म्हणून तर त्याला इथं रोज तपासायलोय."

खाली येऊन ताटावर बसल्यावर त्यांनी हुबळीला फोन लावला आणि जेवलीस का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. बरं म्हणून साडूंनी फोन ठेवला. भाजी कशाची होती, हे त्यांनी विचारलं नाही.