माझ्या हातचा जोड
गटारात ब्लीचिंग पावडर टाकली की तो उग्र वास नाकात जातो आणि मला घाटकोपरच्या टेकडीवरचा तो उन्हाळा आठवतो. पाणी वर चढेना म्हणून खालच्या नळापासून गटारातून पाइप मीच वर आणला होता आणि पाणी ओढायला मोटर लावली होती. त्या लाइनवर सहा घरं भरायची. एका आठवड्यात खालच्या घरापासून जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि एकेक दार करत वर आमच्याकडे यायला लागल्या. चौथ्या घरातली म्हातारी गेली. तपासायला आलेली आरोग्यसेविका म्हणाली, "बाबा, पाइप कुठेतरी फुटलाय. मोटर गटाराचं पाणी आत ओढते, बंद करा." मी म्हटलं, "बाई, जोड माझ्या हातचा आहे, थेंब आत जायचा नाही." आणि सगळ्यांदेखत नळाचं पाणी अर्धा तांब्या प्यायलो. बायको हसून म्हणाली, "आता हे पितात, तर मी काय वेगळं उकळून पिऊ?" उरलेलं तिने तोंडाला लावलं. रात्री दोघंही जुलाबांनी आडवे झालो. मी तिसऱ्या दिवशी उठून बसलो, ती उठलीच नाही. तिला पोचवून आल्यावर मी मोटर काढली, तेव्हा चिरलेला जोड डोळ्यांनी पाहिला. वस्तीत मात्र कुणी विचारलं तर अजून सांगतो, तिला ऊन बाधलं.