माहेरी कुणी नाही

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर आमच्या दोन्ही घराण्यांचं झाड काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझी लेक तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट तोंडपाठ सांगते, पण पुस्तक उघडलं की एका ओळीत घामाघूम होते. मॅडम म्हणाल्या, हा डिस्लेक्सिया आहे, पोरगी हुशारच आहे. हे बऱ्याचदा रक्तातून उतरतं. "माहेरी कुणाला वाचायला जड जायचं?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. लेकरात काही कमी निघालं की आमच्याकडे आधी सुनेचं माहेर चाळतात. माहेरची खोट सासरी उघडी करायची नाही, हे आईनं लग्नाआधीच बजावलं होतं.

ती खोट दाराशी स्टुलावर बसली होती. माझा धाकटा भाऊ. शिरूरहून आम्हाला त्यानंच पिकअपमधून आणलं होतं. रस्त्यावरचे बोर्ड तो वाचत नाही, पूल ओळखतो, हॉटेलांचे रंग ओळखतो. लहानपणी राहूला, आमच्या गावी, त्याचा अभ्यास माझ्याकडे असायचा. मी वर्गात पहिली आणि तो ढ, याची मला लाज वाटायची. तो अडला की मी लाकडी फूटपट्टीच्या धारेनं हातावर मारायचे. तो हात मागं घ्यायचा नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा. चौथीनंतर त्यानं शाळा सोडली तेव्हा मी सुटल्यासारखी झाले होते.

मागच्या दिवाळीत लेक वाचताना अडली आणि माझा हात उठला. न सांगता तिनं तळहात पुढं केला. तेव्हापासून तिच्यापुढं पुस्तक ठेवलं की मला लहानपणीचा भाऊ दिसतो, भर दुपारी, हात पुढं केलेला. मला भीती वाटते.

"मॅडम, माझं लिवा की," भाऊ दारातून म्हणाला. "मी हिचा सख्खा भाऊ हाय. मला आजून वाचाय येत न्हाई."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी त्याला चार प्रश्न विचारले आणि हा त्रास असल्याची खूण म्हणून त्याचा चौकोन शाईनं भरला. यात पुष्कळ जनुकं असतात, एकट्या कुणाचा दोष नसतो, असं त्या सासूबाईंना समजावत होत्या. भाऊ टेबलाजवळ येऊन थांबला.

"माझी पोरगी औंदा पहिलीत जाईल," तो म्हणाला. "तिला कवा आणू? कुणी मारायच्या आधी आणायचीय."

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.