कोथिंबिरीचं ऊन

“आधी माझी पिशवी काढा त्या डब्याखालून.”

“थांब ना जरा. माती आत्ता कुठे कोमट व्हायला लागलीय.”

“आणि माझे गुडघे? ते उगवणार नाहीत, म्हणून गार राहिले तरी चालतील?”

शालनताईंची गरम पाण्याची रबरी पिशवी खिडकीजवळच्या टेबलावर आडवी पडली होती आणि तिच्यावर मातीने भरलेले श्रीखंडाचे दोन डबे बसवले होते. शालनताईंचे यजमान रामदास एका डब्यावर तळवा ठेवून उभे होते, पोराचा ताप बघावा तसे.

“थंडीत धण्याला ऊब लागते,” ते म्हणाले.

“मलाही लागते. पण मी डब्यात मावत नाही ना.”

भांडण पिशवीचं दिसत असलं तरी ते होतं उन्हाचं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एरवी ऊन येतच नाही. बाल्कनीला कबुतरांमुळे जाळी, त्यात ती सावलीत. दिवाळीनंतर मात्र सूर्य कलतो आणि समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून हॉलच्या खिडकीत उतरतो. होळीपर्यंत ते ऊन शालनताईंचं. खिडकीखालच्या दिवाणावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्यांना तेल लावायचं, भाजी निवडायची, बहिणीला फोन करायचा. वर्षभर त्या या उन्हाची वाट बघत. या वर्षी ऊन आलं, तेव्हा दिवाण भिंतीकडे सरकलेला होता आणि त्याच्या जागी टेबल आणि डबे.

रामदासांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून केसाएवढ्या रंगीत तारा एकमेकींना जोडायच्या, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं होतं. रविवारी पहाटे स्कूटर काढायची आणि अर्धं शहर ओलांडून मार्केट यार्ड गाठायचं. परत येताना पायाशी पिशव्या आणि सगळ्यात वर कोथिंबिरीची भलीमोठी जुडी. ती घरातल्या प्रत्येकाच्या नाकाशी न्यायची. “नुसता वास घे!” कुणी आंघोळीला निघालेलं असो की फोनवर असो, सुटका नसे.

पावसाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. मुलाने, प्रज्ञेशने, स्कूटरची किल्ली स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत टाकली. भाजी मोबाइलवरून यायला लागली. पिशवी दारातून सूनबाईंच्या, आम्रपालीच्या हातात आणि तिथून थेट स्वयंपाकघरात. रामदासांच्या खुर्चीसमोरून ती जायची, थांबायची मात्र नाही. प्लास्टिकच्या पाकिटातली कोथिंबीर त्यांनी एकदा हुंगून पाहिली. “वास घरीच विसरून आलेली दिसते,” म्हणाले आणि पाकीट परत दिलं. किल्लीबद्दल कधी बोलले नाहीत.

आणि दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं, “कोथिंबीर आता घरची.”

स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून त्यांनी डब्यांना भोकं पाडली. स्वयंपाकघरातल्या बरणीतून मूठभर धणे घेतले, लाटण्याखाली हलक्या हाताने फिरवून प्रत्येक दाण्याच्या दोन फोडी केल्या, रात्रभर भिजवल्या, पेरल्या. शेजारी तिसऱ्या डब्यात मेथी टाकली. मेथी लगेच वर आली, तिची आमटीही खाऊन झाली. धण्याची माती जशी होती तशीच.

“बाबा, ग्रो लाइट मागवू का?” प्रज्ञेशने विचारलं.

“का? सूर्याने राजीनामा दिलाय?”

त्यांनी डबे रात्री आपल्या माकडटोपीने झाकून पाहिले. मग शालनताईंच्या शालीने. आणि आता ही पिशवी.

त्या सकाळी शालनताई पिशवी ओढून घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. महिन्याचे नवे धणे आले होते. त्यांनी तवा ठेवला, धणे टाकले, हाताला चटका बसेल इतपत परतले आणि गार करायला ताटात पसरले.

आम्रपाली लॅपटॉप सोडून चहाला आली होती. “आई, हे कशाला?”

“किडे होत नाहीत. नेहमीच करते मी.”

आम्रपालीने ताटाकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग हॉलकडे. “म्हणजे बाबांनी पेरले ते...”

“हो.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“आई! ते रोज त्या मातीशी बोलतात.”

“माझ्याशी बोलायचे तेव्हा दिवाण खिडकीत होता,” शालनताई म्हणाल्या. “कंटाळतील आपोआप. मग होईल सगळं जागच्या जागी.”

तसंच झालं. जेवणानंतर रामदासांनी दोन्ही डबे उचलून दारामागे ठेवले, टेबल पुसलं आणि दिवाण एका बाजूने ढकलायला लागले. आम्रपाली धावली, तिने दुसरी बाजू धरली.

“बस,” ते शालनताईंना म्हणाले. “तुझं ऊन.”

शालनताई बसल्या. पाय लांब केले. तेलाची वाटी जवळ होती. ऊन होतं तसंच होतं, मऊ, थोडं पिवळट. रामदास आतल्या खुर्चीत वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचत बसले होते. दाराची बेल वाजली तसे ते उठले, आम्रपालीच्या हातात पिशवी गेलेली पाहिली आणि परत बसले.

शालनताईंनी तेलाचं बोट गुडघ्यावर ठेवलं आणि तिथेच थांबवलं.

“अहो, ते धणे भाजलेले होते.”

वर्तमानपत्र खाली आलं. “कोणते?”

“बरणीतले. मी परतूनच भरते. ते उगवणार नव्हतेच.”

“तुला कधी कळलं?”

“तुम्ही बरणी उघडलीत तेव्हा.”

रामदासांनी चष्मा काढला. “आणि मी त्यांना शेकत होतो.”

“हो.”

“माकडटोपी घालत होतो.”

आम्रपाली तोंड वळवून हसली. शालनताईंनाही हसू येत होतं. पण रामदास हसले नाहीत.

“मला वाटलं, हात गेला माझा,” ते एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. जुन्या खड्ड्यातली तार जोडत असल्यासारखे, बारीक नजरेने.

संध्याकाळी प्रज्ञेश घरी आला. सगळे चहाला बसले. शालनताईंनी कप ठेवले आणि पदराला हात पुसले.

“प्रज्ञेश, उद्या सकाळी मी आणि हे मार्केट यार्डला जातोय. रिक्षाने. न भाजलेले धणे आणायला. डबे दिवाणावर राहतील, माझ्या पायाशी. स्वयंपाकाचं तुम्ही दोघं बघा.”

“आई, धणे ऑनलाइन मिळतात. आणि बाबांना ती गर्दी—”

“पिशव्या मी उचलेन. हे फक्त वास घेतील,” शालनताई म्हणाल्या. “उद्या. आणि यापुढे दर रविवारी.”