साळ्याचा पतंग

माझा साळा राळेगावचाच, कापसाच्या वावरात वाढलेला. समुद्रकाठच्या शहरात नोकरी लागली आणि तो वाऱ्याचा जाणकार झाला. भलामोठा पतंग कमरेला बांधून, पाय फळीत अडकवून लाटांवरून पळायचं, हा त्याचा नवा खेळ. आम्ही इकडे सोयाबीन काढत असताना घरच्या ग्रुपवर त्याचा वाऱ्याचा वेग आणि भरतीची वेळ येऊन पडायची.

गेल्या हिवाळ्यात मी आणि बायको त्याच्याकडे गेलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने आम्हाला चौपाटीवर नेलं. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. मोबाईल पाहून तो म्हणाला, "बारा नॉट्स वारा, भाऊजी. परफेक्ट."

मी मूठभर वाळू सोडून पाहिली. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला ही सवयच लागते, नाहीतर औषध आपल्याच तोंडावर येतं. वाळू समुद्राकडे उडाली.

"हवा तं जमिनीकडून येऊन राह्यली," मी म्हणालो. "तुले आत नेईन. वापस कसा येशीन?"

"भाऊजी, ही फवारणी नाही. यात टेक्निक असतं."

बायकोने डोळे वटारले. मी हाताची वाळू झटकली. खरं सांगतो, त्याची थोडी फजिती व्हावी असं मला वाटतच होतं.

दहा मिनिटं तो झकास पळाला. मग उंच इमारतींच्या फटीतून एक झोत आला, लगेच वारा पडला आणि पतंग पाण्यावर आपटला. साळेबुवा हात हलवत आत वाहू लागले. बायकोला वाटलं, टाटा करतोय. तिनेही हात हलवला. तो ठिपक्याएवढा झाला तेव्हा माझी मजा संपली. जाळं सोडवत बसलेल्या एका कोळ्याकडे मी धावत गेलो.

"सकाळचा वारा आतच नेतो," तो होडी ढकलत म्हणाला. "दर हिवाळ्यात असा एखादा आणावा लागतो."

अर्ध्या तासाने साळा माशांच्या टोपल्यांमध्ये बसून परत आला, ओठ निळे पडलेले. मी त्याच्या अंगावर माझा खांद्यावरचा दुपट्टा टाकला आणि कोळ्यासाठी चहा आणला. येऊन पाहतो तर साळा कुडकुडत त्याला बायकोकडे ठेवलेला मोबाईल दाखवत होता आणि आकडे बरोबरच होते, वाराच चुकला, हे समजावून सांगत होता. कोळ्याने माझ्या हातातला चहा घेतला आणि एकेक घोट घेत सगळं ऐकून घेतलं.