घोडा नसलेला शिपाई

उकंडा टेकामला सायकल येत नव्हती. पोडावर, म्हणजे त्यांच्या कोलामांच्या वस्तीवर, लहानपणी कोणाच्या घरी सायकल नव्हतीच. मारेगावच्या ज्युनिअर कॉलेजात शिपाई म्हणून लागला तेव्हा तो चांगला मिशीवाला बाप्या झाला होता. भर रस्त्यात पडत-झडत शिकायची त्याला लाज वाटली आणि मग ते राहूनच गेलं. पोड ते कॉलेज सहा किलोमीटर. तीस वर्षं तो सकाळी चालत आला, संध्याकाळी चालत गेला. सुरुवातीला आसपासच्या शाळांना टपाल पोचवायचं कामही त्याच्याकडे असे, त्यामुळे तालुक्यातली शेताशेतांतून जाणारी प्रत्येक पांदण त्याच्या पायाखालून गेलेली. मास्तर लोक गाडीवर बसायला बोलवायचे. तो म्हणायचा, "तुमी व्हा पुढं, मी आलोच." आणि खरंच येऊन पोचायचा.

त्याची मुलगी सुरभी वणीला बी.ए. करत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती वसतिगृहाचा फॉर्म भरत होती, तेव्हा वडिलांच्या व्यवसायापुढे तिनं 'कर्मचारी' लिहिलेलं उकंडानं पाहिलं.

"शिपाई काहून नाही लिहिलं?" त्यानं विचारलं.

"वसतिगृहाच्या यादीत ते इंग्रजीत लिहितात बाबा. प्यून लिहिलं की पोरी हसतात."

तीस वर्षं उकंडाच्या ओळखपत्रावर तोच शब्द होता. त्याचा अर्थ त्यानं कधी विचारला नव्हता. हसण्यासारखा असेल असं तर त्याला वाटलंच नव्हतं.

सुट्टी संपल्यावर इंग्रजी शिकवणाऱ्या अर्पिता मॅडमना त्यानं चहा दिला आणि तिथंच उभा राहिला. मॅडम नेरच्या, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. त्यांनी वर पाहिलं.

"काय उकंडाभाऊ?"

"मॅडम, प्यून मंजे काय?"

"म्हणजे शिपाई."

"थे मले मालूम हाय. तो शब्द मंजे काय, थे पुसून राह्यलो."

मॅडमनी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला, मग फोनवर काहीबाही शोधलं. चहा गार झाला. वाचता वाचता त्याच गुंतल्या.

"फार जुना शब्द आहे हो," त्या म्हणाल्या. "लॅटिनमधला. अगदी आधी त्याचा अर्थ होता रुंद पावलांचा माणूस."

उकंडानं आपल्या पायांकडे पाहिलं. त्याच्या मापाची चप्पल मारेगावच्या बाजारात मिळत नसे.

"मग सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपात लढाया व्हायच्या, तेव्हा ज्याच्याकडे घोडा तो सरदार. घोडा नाही तो पायी लढणारा. त्या पायी लढणाऱ्याचं हे नाव. बुद्धिबळातल्या प्याद्याचं इंग्रजी नावही यातूनच आलं. आणि सैन्याच्या पुढे कुदळ-फावडं घेऊन वाट करत जाणारे असायचे ना, त्यांचं नावसुद्धा याच घराण्यातलं. पुढे पोर्तुगीज लोकांबरोबर शब्द आपल्याकडे आला आणि साहेबाच्या दाराशी उभा राहिला."

उकंडानं थोडा विचार केला.

"मंजे घोडा नसला का प्यून."

"तसंच म्हणा," मॅडम हसल्या. त्यानं मागितलं म्हणून त्यांनी ते सगळं मराठीत कागदावर लिहून दिलं. पुढच्या खेपेला घरी आल्यावर सुरभीनं तो कागद दोनदा वाचला. पण फॉर्म आधीच गेला होता, आणि पोरींना एवढं कोण सांगत बसणार, असंही ती म्हणाली. उकंडाला ते पटलं.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आली. पहिला पेपर इंग्रजीचा, अकरा वाजता. पिंपळझरीच्या केंद्रावर प्रश्नपत्रिकांची सीलबंद पेटी न्यायची जबाबदारी अर्पिता मॅडमची होती. सोबत मदतीला उकंडा आणि बंदोबस्ताला इंद्रजीत नावाचा तरुण हवालदार. जीप साडेनऊला निघाली आणि चार किलोमीटरवर थांबली. नाल्याच्या पुलावर कोळशाचा ट्रक आडवा पडला होता. कठडा तुटलेला, कोळसा रस्ताभर, डिझेल वाहत होतं. तिथल्या पोलिसांनी दोन्ही बाजू रोखून धरल्या होत्या. पायी जाणाऱ्यालाही सोडत नव्हते. खोलगट जागा, एकाच्याही फोनला रेंज नाही.

दहा वाजायला आले. मॅडम जीपमधून उतरायच्या, पुलाकडे पाहायच्या, परत बसायच्या.

"क्रेन येतेच म्हणतात," ड्रायव्हर म्हणाला.

"क्रेन वणीहून येईन," उकंडा म्हणाला. "दुपार होते. मॅडम, खाल्लाकडून पांदण हाय. नाल्याले घोटाभर पानी. चार किलोमीटर पडते पिंपळझरी."

"पेटी गाडीतून उतरवायची नाही, असा नियम आहे उकंडाभाऊ. गाडीला यंत्र लावलंय, गाडी कुठं आहे ते वरच्या ऑफिसात दाखवतं."

"मंग पोरं काय लिहितीन?"

मॅडमनी इंद्रजीतकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले, पण तो उतरला. मॅडमनी वहीत वेळ लिहिली, तिघांनी सह्या केल्या, आणि उकंडानं दुपट्ट्याची चुंबळ करून पेटी डोक्यावर घेतली.

तो पळाला नाही. नेहमीच्याच चालीनं चालला, आणि बाकी दोघांना ती चाल पुरेना. एका बाजूला फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेला कापूस, दुसऱ्या बाजूला सोंगायला-कापायला आलेला हरभरा. नाल्यात मॅडमच्या सँडलचा पट्टा तुटला. त्यांनी दोन्ही सँडल काढून हातात घेतल्या. ढेकळं टोचत होती. इंद्रजीतनं एकदा पेटी घेऊन पाहिली, आणि शे-दोनशे पावलांवर परत दिली.

"दमले नाही का तुमी?" त्यानं विचारलं.

"बोलू नोको," उकंडा म्हणाला. "दम बोलन्यातच जाते."

अकराला तेरा मिनिटं कमी असताना ते शाळेच्या फाटकातून आत गेले. केंद्रप्रमुखांनी आधी सील तपासलं, मग घड्याळ पाहिलं. एकशे बारा मुलांना पेपर वेळेवर मिळाला. उकंडा नळावर पाय धुऊन झाडाखाली बसला.

पंधरा दिवसांनी वरून कारणे दाखवा नोटीस आली, मॅडमना एक आणि त्याला एक. पेटी ठरलेला मार्ग सोडून का नेली, सत्तेचाळीस मिनिटं ती कुठं होती, लेखी खुलासा करावा. मॅडमचा चेहरा उतरला. उकंडानं नोटीस घडी करून खिशात घातली आणि रविवारी सुरभी घरी आली तेव्हा तिच्यापुढे ठेवली.

"तुयं अक्षर चांगलं हाय. लिहून दे."

ती लिहायला बसली, पण अडली. "कोणत्या शेतातून, कुठं वळले, मला कसं कळेल?" मग बापलेक उठले आणि ती वाट पुन्हा चालले. सुरभी मोजपट्टीसारखी पावलं टाकत होती, थांबून वहीत खुणा करत होती: नाला, मोहाचं झाड, पडकी विहीर, दोन शेतांमधला धुरा. पिंपळझरीपर्यंत जाता जाता तिनं कितीतरी विचारलं. टपाल घेऊन तो आणखी कुठं कुठं जायचा, पुराच्या दिवसांत काय करायचा. एवढं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं. खुलाशाला तिनं पूर्ण पानाचा नकाशा जोडला आणि खाली स्वच्छ लिहिलं: उकंडा टेकाम, शिपाई.

चौकशीच्या दिवशी अधिकारी तो नकाशा बराच वेळ पाहत राहिले.

"हे मोजलं कोणी?"

"पायानं मोजलं साहेब. मी अन् पोरीनं."

सील शाबूत होतं, वहीत वेळ होती, सह्या होत्या. हवालदाराचा जबाबही जुळत होता. साहेबांनी तोंडी समज दिली आणि प्रकरण बंद केलं. दारातून बाहेर पडताना अर्पिता मॅडमना रडू आलं. उकंडानं त्यांना पाण्याची बाटली दिली आणि एसटीची वेळ बघायला गेला.

त्या जूनमध्ये तो निवृत्त झाला. त्याची जागा नंतर भरली नाही. चहा आता कॅन्टीनवाला आणतो, टपाल फोनवर येतं. पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या आराखड्यात सुरभीचा नकाशा 'पर्यायी मार्ग' म्हणून जोडला गेला, पण त्या वर्षी पूल मोकळा होता आणि जीप वीस मिनिटांत पोचली. उकंडा त्या वेळी आपल्या वावरात हरभरा सोंगत होता.