चार बोटं वर चढलेली विहीर

अत्यंत जबाबदारीने आणि टोपी काढून जाहीर करतो की, शेजारी इंजिनाने उपसा चालू असताना वऱ्हाडातली एक विहीर उतरायचं सोडून चार बोटं वर चढली. या अलौकिक घटनेचा एकमेव लेखी साक्षीदार मी. तिला कारणही मीच झालो, एवढं मात्र मी त्या कागदावर लिहिलं नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमचे कागद नागपूरला जात. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला दगडाची मोठी खाण काढायचं घाटत होतं. खाण खोल गेल्यावर आसपासचं पाणी तिच्यात ओढलं जाईल का, हे आधी पाहायचं होतं. त्यासाठी एक खड्डा खणून त्यातलं पाणी तीन दिवस इंजिनाने उपसायचं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी किती उतरतं ते मोजायचं. उतरलं तर खाण दुसरीकडे. नाही उतरलं तर तिथेच.

विहीर एका बागवान चाचांची होती आणि त्यांची सगळी पेरूची बाग तिच्यावर जगत होती. खाऱ्या पाण्याच्या त्या मुलखात हिचं पाणी गोड. घरी आलेल्याला चाचा चहाच्या आधी तेच पाजत आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसत.

मोजणारा मी. पोलादी फितीच्या टोकाला खडू चोळायचा, फीत आत सोडायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी.

"बाबूजी, हे काय करून राह्यले तुमी?" पहिल्याच सकाळी चाचांनी विचारलं.

खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण भोवती दहा-बारा माणसं जमली होती, आणि श्रोते दिसले की माझी जीभ माझी राहत नाही. मी हात पसरून म्हणालो, "कुस्ती आहे, चाचा! तिकडून साहेबाचं इंजिन, इकडून तुमची विहीर. तीन दिवसांत कोण चीत होतं ते बघायचं."

"माही विहीर?" चाचा हसले. "इंजिनाचा बाप आला तरी हटनार नाही!"

संध्याकाळपर्यंत पाणी वीतभर उतरलं. चाचांचा चेहराही तेवढाच उतरला. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पहिला डाव इंजिनाचा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी पोटभर जेवून मी बागेत आडवा झालो. उठून फीत सोडली तर पाणी कालच्या सकाळपेक्षा चार बोटं वर! काठावर चिखल, गाडीच्या चाकांचे ओले माग, आणि आत एक बोटभर मासोळी गोल गोल फिरत होती. सकाळी ती नव्हती.

मला सगळं कळलं. पण साहेबाला सांगायचं, तर या लोकांना कुस्तीची गोष्ट कोणी सांगितली, हेही सांगावं लागलं असतं. मी आकडा लिहिला आणि खाली झोकदार सही केली.

तिसऱ्या दुपारी मी जागाच होतो. पिपं रिकामी होत होती आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणत होतं, "हळू वत बे, बाबूजी उठतीन!" मी डोळे घट्ट मिटले. वर त्यांच्या सोयीसाठी थोडा घोरलोही. आज इतक्या वर्षांनी ते घोरणं आठवलं की कान तापतात.

संध्याकाळी साहेब आले. वही चाळून म्हणाले, "छान. या विहिरीला धोका नाही. खाण इथेच होईल, बागेच्या कुंपणापर्यंत."

चाचा विजयी मुद्रेने उभे होते. ती मुद्रा हळूहळू मावळली. "अन् मंग माह्या बागेचं पानी?"

"ते उतरत नाही ना! तेच तर तीन दिवस मोजलं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरडी फीत रुमालाने पुसत होतो. खरं तर तेव्हा मीच बोलायला हवं होतं. मित्रांच्या बैठकीत ही गोष्ट रंगवताना पुढचं वाक्य मी आजवर स्वतःच्या तोंडी घालत आलो आहे, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. प्रत्यक्षात मी फीत पुसत राहिलो. अख्ख्या गावासमोर ओरडले ते चाचा:

"हरली साहेब, माही विहीर पयल्याच दिवशी हरली! दोन दिवसांपासून आमीच नदीचं पानी वतून राह्यलो!"